चाळीस मुलांच्या शाळेत मुलीला घालावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी यंदा पहिलीत जाणार. जवळच्या शाळेत चारही इयत्ता मिळून चाळीसेक मुलं, शिक्षक दोन, पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या. तुमच्या मुलीच्या इयत्तेत ती धरून आठ जण असतील. लांबच्या शाळेत प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या, एकेका तुकडीत पस्तीस मुलं. लहान शाळेतले काही पालक सांगतात, "घरच्यासारखं आहे, आमचं मूल तिथे फुललं." काही सांगतात, "दोन वर्षं वाया गेली, शेवटी काढून घेतलं." मुलगी बुजरी आहे. मग ऐकायचं कुणाचं?

मी दोन्हीकडे काम केलंय. बरीच वर्षं द्विशिक्षकी शाळेत, नंतर मोठ्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून, आणि हल्ली एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. पालकांची ही दोन्ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की त्यांच्यात विरोध आहे असं आता वाटत नाही. दोघंही खरं बोलत असतात. पुष्कळदा तर एकाच शाळेबद्दल, तीन-चार वर्षांच्या अंतराने.

याचं कारण असं की लहान शाळेत एकेका माणसाचं वजन फार पडतं. मोठ्या शाळेत एखादी शिक्षिका कंटाळलेली निघाली, तर ती तुमच्या मुलीच्या वाट्याला येण्याची शक्यता तिनात एक, आणि आली तरी साधारण वर्षभरात सुटका. दोन शिक्षकांच्या शाळेत तीच शिक्षिका सलग दोन वर्षं, दिवसभर, सगळ्या विषयांना. शिक्षिका उत्तम असेल तर हेच गणित तुमच्या बाजूने. मैत्रिणींचं तसंच, भांडखोर मुलाचं तसंच, मुख्याध्यापक बदलण्याचंही तसंच. मोठी शाळा सगळ्याची सरासरी काढते. लहान शाळेत सरासरी निघत नाही, जे असेल ते अंगावर येतं. म्हणून "लहान शाळा चांगली की वाईट" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. तुम्हाला ठरवायचंय ते एवढंच की ही शाळा, या दोन शिक्षकांसह आणि या आठ मुलांसह, येत्या दोन-तीन वर्षांसाठी कशी आहे.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत. मुलीला शाळेबाहेर खेळायला कुणी आहे का, तुम्हाला रोज लांब ने-आण जमेल का, तिची नजर, ऐकणं, बोलणं याबद्दल कधी शंका आली आहे का. यातल्या प्रत्येकाने उत्तर बदलू शकतं. पुढे जिथे जिथे बदलतं तिथे सांगते.

आधी एक घोटाळा दूर करू. "कमी मुलं, म्हणजे लक्ष जास्त" हे पालकांचं पहिलं वाक्य असतं. ते लहान वर्गाबद्दल आहे आणि पालक ते लहान शाळेला लावतात. लहान वर्गाच्या बाजूने पुरावा चांगला आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं 'स्टार' नावाचा मोठा प्रयोग झाला. बालवाडीपासून तिसरीपर्यंतच्या मुलांची कोणतीही निवड न करता वाटणी केली: काही १३ ते १७ मुलांच्या वर्गात, काही २२ ते २५ मुलांच्या. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे राहिली, गरीब घरांतल्या मुलांना फायदा जास्त झाला. मोठ्या वर्गाला पूर्णवेळ मदतनीस देऊन पाहिला, त्याने मात्र फारसा फरक पडला नाही. पण या प्रयोगातल्या प्रत्येक शाळेत एकाच इयत्तेचे तिन्ही प्रकारचे वर्ग असावे लागत. म्हणजे तुम्ही विचारताय तसली लहान शाळा त्यात बसूच शकत नव्हती. तिथे वर्ग लहान होता, शाळा मोठी होती, आणि वर्गात इयत्ता एकच होती.

तुमच्याकडच्या शाळेत पहिलीची आठ आणि दुसरीची दहा धरली तर खोलीत अठरा मुलं झाली. आकडा छान दिसतो. पण शिक्षिकेला शिकवण्याचे दोन वेगळे डोंगर चढायचे आहेत. म्हणून ही अठरा मुलं पस्तिसांच्या निम्मी आहेत, याचा अर्थ लक्ष दुप्पट मिळेल असा होत नाही. काही बाबतींत दुप्पट मिळतं, काही बाबतींत पस्तिसांच्या वर्गाइतकंही मिळत नाही.

दुप्पट कुठे मिळतं? वाचायला शिकताना. पहिलीत मुलाचं वाचन रोज कुणीतरी मोठ्या माणसाने कान देऊन ऐकायला हवं, निदान तीन मिनिटं. अठरा मुलं असतील तर चोपन्न मिनिटं लागतात. सकाळच्या दोन टप्प्यांत ती निघतात, आणि दुसरीतल्या बऱ्या वाचकांना एक दिवसाआड ऐकलं तर आणखी वेळ सुटतो. पस्तीस मुलांना एकशे पाच मिनिटं लागतात, तेवढी शाळेच्या दिवसात कुणालाच सापडत नाहीत. मग पाच-सहा मुलं रोज वाचतात, बाकीची कोरसमध्ये ओठ हलवतात. अक्षरओळख अडलेली असूनही पाठ झालेल्या धड्यावर बोट फिरवणारं मूल मोठ्या वर्गात दिवाळीनंतरही पकडलं जात नाही. लहान वर्गात ते पहिल्या दोन महिन्यांत दिसतं, शिक्षिका पाहणारी असेल तर.

आता दोन इयत्ता एकत्र असण्याकडे येते. पालकांचा सगळ्यात जास्त विरोध याला असतो आणि सगळ्यात जास्त गैरसमजही यातच असतात. सायमन व्हीनमन या डच संशोधकाने १९९५ साली वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. एकत्र वर्गातली मुलं शिकण्यात ना मागे होती, ना पुढे. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या दोघांनी त्यावर आक्षेप घेतला: असा वर्ग करताना मुख्याध्यापक बहुधा आपली आपण काम करणारी शहाणी मुलं आणि चांगला शिक्षक निवडून देतात. ती निवड वजा केली तर थोडा तोटाच दिसेल. मी मोठ्या शाळेत असा वर्ग केला तेव्हा हेच केलं होतं, त्यामुळे आक्षेप मला पटतो. लहान शाळेत मात्र निवडायला मुलंच नसतात. सगळ्यांना एकत्र बसावं लागतं आणि शिक्षकही जो आहे तोच. म्हणजे या वर्गाचं यशापयश जवळपास पूर्णपणे शिक्षकाच्या नियोजनावर आलं.

ते नियोजन चाळीस मिनिटांच्या एका तासात दिसतं. चांगली शिक्षिका पहिल्या पाच मिनिटांत दुसरीला काम लावून देते, असं काम की जे मूल विचारायला न येता करू शकतं आणि तरी त्यात डोकं लागतं. मग पंधरा मिनिटं पहिलीला शिकवते. मग पहिलीला मणी, काड्या, शब्दपट्ट्या असं काही हातात देऊन दुसरीकडे वळते. शेवटची पाच मिनिटं दोन्हीकडचं तपासते. वाईट तासात दुसरीला "धडा उतरवून काढा" असं सांगितलेलं असतं, आणि फळ्यावरचं वहीत उतरवण्यात अर्धा दिवस जातो. बाहेरून दोन्ही वर्ग सारखेच शांत दिसतात. म्हणून पालक फसतात. फरक कळतो तो वह्यांत. एखाद्या मुलाची वही चाळायला मिळाली तर फळ्यावरून उतरवलेली पानं किती आणि मुलाने स्वतः सोडवलेली, स्वतः रचलेली पानं किती, हे पाहा. उतरवलेली जास्त असतील तर त्या खोलीत मुलीचा निम्मा वेळ वाया जाणार हे धरून चाला.

ही स्वतः करायची कामं म्हणजे एकत्र वर्गाचा कणा. कोलंबियात १९७० च्या दशकात ग्रामीण लहान शाळांसाठी 'एस्क्वेला नुएवा' ही पद्धत उभी राहिली आणि पुढे देशभर पसरली, ती याच कण्यावर. मुलांच्या हाती पायरीपायरीने पुढे नेणाऱ्या अभ्यासपुस्तिका, प्रत्येकाने आपल्या गतीने जायचं, गटात बसून एकमेकांना विचारायचं, आणि शिक्षकाने फळ्यापाशी उभं राहण्याऐवजी गटांमध्ये फिरायचं. तिथे बहुवर्ग, म्हणजे अनेक इयत्तांचा एकत्र वर्ग, ही अडचण न मानता रचनेचा भाग मानली गेली. मॉन्टेसरी पद्धतीत तर तीन-तीन वर्षांच्या टप्प्यातल्या वेगवेगळ्या वयांची मुलं मुद्दाम एकत्र ठेवतात. तेव्हा तुमच्या शाळेत विचारायचा पहिला प्रश्न हा: तुम्ही एका इयत्तेला शिकवत असता तेव्हा दुसरी काय करत असते, मला दाखवाल का? "दाखवाल का" हे महत्त्वाचं. सांगायला सगळ्यांनाच येतं.

विषयाप्रमाणेही फरक आहे. भाषा, गोष्टी, गाणी, परिसराची माहिती, चित्रं, खेळ हे सगळं दोन इयत्तांना एकत्र छान चालतं. एकाच गोष्टीवर पहिलीची मुलं चित्र काढतील, दुसरीची चार वाक्यं लिहितील. गणित तसं चालत नाही. ते पायरीवर पायरी असतं. दशक-एकक न कळलेल्या मुलाला हातच्याची बेरीज ऐकवून उपयोग नाही. एकत्र वर्गात गणित नेहमी वेगवेगळंच शिकवावं लागतं आणि म्हणून तिथेच वेळ कमी पडतो. लहान शाळेतून आलेल्या ज्या मुलांना मी पुढे पाहिलं, त्यांचं वाचन-बोलणं बहुधा चांगलं असे आणि पोकळी असलीच तर गणितात. तुम्ही ही शाळा निवडलीत तर घरी लक्ष द्यायचं ते गणिताकडे.

आणखी एक गोष्ट पालक विचारत नाहीत: दुसऱ्या वर्षी काय? पहिलीत तुमची मुलगी वर्गातली धाकटी असेल. कानावर दुसरीचं पडत राहील, मोठ्यांचं पाहून ती पुष्कळ उचलेल. पुढच्या वर्षी तीच थोरली, आणि नवीन पहिली रडत आत येणार. शिक्षिकेचा सगळा जीव त्या नव्या मुलांत. नॉर्वेतल्या एका अभ्यासात मोठ्यांसोबत बसणाऱ्यांना फायदा आणि धाकट्यांसोबत बसणाऱ्यांना तोटा दिसला. तो माध्यमिक वयाच्या मुलांचा होता, तरी प्राथमिकमधला माझा अनुभव त्याच दिशेचा आहे. चांगल्या शाळेत परिसर-भाषेचे विषय दोन वर्षांच्या चक्रात आलटून-पालटून घेतात, म्हणजे मुलाला तेच तेच पुन्हा येत नाही. असं चक्र लिहून ठेवलंय का ते विचारा. आणि हुशार दुसरीवाल्याला धाकट्यांना शिकवायला किती बसवतात तेही. आठवड्यातून थोडा वेळ उत्तम. समजावून सांगताना मुलाचं स्वतःचं पक्कं होतं. रोजच तसं होत असेल तर तुमचं मूल बिनपगारी शिक्षक झालंय.

आता मैत्रीबद्दल. बुजऱ्या मुलीसाठी लहान शाळा बरी, असं सगळे सांगतात. पहिल्या महिन्यासाठी ते खरं आहे. चाळीस मुलांत आठवड्याभरात सगळ्यांची नावं कळतात, मोठी मुलं हात धरून नेतात, मैदानावर कुणी हरवत नाही. नंतरच्या चार वर्षांसाठी मात्र आकडा बघावा लागतो. तिच्याखेरीज सात मुलं. ती मुलगे की मुली हे नशीब. समान शक्यता धरली तर सातांत एकही मुलगी नसणं किंवा एकच असणं हे सोळात एकदा होतं. फार दुर्मीळ नाही. या वयात मुलं-मुली मिळून खेळतात, पण तिसरीपासून बहुतेक मुली मुलींकडे सरकतात, आणि तेव्हा दुसरी मुलगीच नसली तर एकटेपणा येतो. एकच असली तर सगळी भिस्त तिच्यावर, आणि तिचं कुटुंब दुसरीकडे गेलं की संपलं. पण माझ्या मते सगळ्यात अवघड आकडा तीन. दोघी जोडी करतात, तिसरी बाहेर, आणि कोण बाहेर हे आठवड्या-आठवड्याला बदलतं. मोठ्या शाळेत तिसरी दुसऱ्या घोळक्यात जाते. इथे घोळकाच नाही. मुख्याध्यापकांना इयत्तावार मुलं-मुलींचा आकडा विचारायला संकोचू नका. दुसरीतल्या मुलीही मोजा, कारण एकत्र वर्गाचा हा मोठा फायदा आहे: मैत्रिणी इयत्तेच्या भिंतीपलीकडच्या मिळतात. फक्त त्या वर्षभर आधी पुढच्या खोलीत जातील हे लक्षात ठेवा.

त्रास देण्याबद्दलही असंच. लहान शाळेत चिडवणं, ढकलणं लवकर दिसतं, कारण लपायला जागा नसते. चांगला मुख्याध्यापक त्याच दिवशी दोघांना समोर बसवतो. पण मिटलं नाही तर तुकडी बदलण्याचा उपाय नाही. ज्या मुलाने त्रास दिला तो शेजारच्या बाकावर चौथीपर्यंत आहे.

बुजऱ्या मुलांचा दुसरा पैलू सहभाग. नाटकात पात्रं बारा आणि मुलं अठरा असली की जवळजवळ प्रत्येकाला काही ना काही करावं लागतं. १९६० च्या दशकात कॅन्ससमधल्या माध्यमिक शाळांच्या अभ्यासात हेच आढळलं होतं: मोठ्या शाळांत उपक्रमांचे प्रकार जास्त, पण लहान शाळांतली मुलं प्रत्यक्ष जबाबदारीच्या जागांवर जास्त. पाच-सहा वर्षांच्या मुलांतही मी तेच पाहते. मोठ्या शाळेत बुजरं मूल चार वर्षं प्रेक्षक राहू शकतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. लहान शाळेत त्याला घंटा द्यावी लागते, पाहुण्यांसमोर दोन ओळी म्हणाव्या लागतात. बहुतेकांना ते मानवतं. काहींना दडपण येतं, आणि ते शिक्षिका कशी ढकलते यावर आहे. सांघिक खेळ, वाद्यं, स्पर्धा हे लहान शाळेत कमी मिळणार. हवं असेल तर बाहेर पाहावं लागेल. यापेक्षा जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही.

शिक्का बसण्याबद्दल मात्र बोलायला हवं, कारण पालक ते उघड बोलत नाहीत. दोन शिक्षकांच्या शाळेत मुलाची पहिलीतली ओळख चौथीपर्यंत टिकते. "हिला गणित जमत नाही", "हा वात्रट आहे". मोठ्या शाळेत जूनमध्ये नवीन शिक्षिका येते आणि मुलाला कोरी पाटी मिळते. लहान शाळेत पाटी पुसायला शिक्षकालाच मुद्दाम प्रयत्न करावा लागतो. भेटीच्या वेळी शिक्षिका मुलांबद्दल कसं बोलते ते ऐका. "तो हल्ली वाचायला लागलाय, अजून जोडाक्षरांना अडतो" असं बोलणारी बाई आणि "ती चार चांगली आहेत, बाकी यथातथाच" असं बोलणारी बाई, यांच्यात चार वर्षांचं अंतर आहे.

निकालांचे आकडे. हे पालकांना हमखास चुकवतात. समजा शाळेतलं प्रत्येक मूल ठरावीक पातळी गाठेल याची शक्यता ७० टक्के आहे, आणि शिकवणं वर्षानुवर्षं अगदी सारखं आहे. आठ मुलांच्या इयत्तेत एक मूल म्हणजे १२.५ टक्के. अशा शाळेत निव्वळ योगायोगाने पाचांतल्या जवळपास एका वर्षी निकाल ५० टक्के किंवा खाली येईल, आणि चारांतल्या एका वर्षी ८७.५ टक्के किंवा वर जाईल. शिक्षिका तीच, मेहनत तीच. नव्वद मुलांच्या इयत्तेत तोच निकाल बहुतेक वर्षी ६० ते ८० च्या दरम्यान राहील. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात प्राथमिक शाळांचे आकडे तपासले तेव्हा हेच दिसलं: सर्वोत्तम यादीत लहान शाळा जास्त, आणि तळाच्या यादीतही लहान शाळाच जास्त. तुमच्या ओळखीतले पालक "मागच्या वर्षी निकाल पडला" किंवा "गेल्या वर्षी शंभर टक्के लागला" म्हणत असतील तर दोन्ही सोडून द्या. एका वर्षाचा निकाल इथे काहीही सांगत नाही. पाच वर्षांचा एकत्र मिळाला तर थोडंफार.

मुलीच्या नजरेबद्दल, ऐकण्याबद्दल, बोलण्याबद्दल शंका असेल तर उत्तर दुहेरी आहे. लक्षात येणं लहान शाळेत लवकर होतं. मदत मिळणं मोठ्या शाळेत सोपं असतं, कारण विशेष शिक्षक, समुपदेशक, नियमित तपासण्या ही माणसं आणि सोयी मुलांच्या संख्येवर येतात. शंका पक्की असेल तर लहान शाळेला सरळ विचारा की असं मूल याआधी होतं का आणि त्याच्यासाठी नेमकं काय केलं, कोण येत असे, किती दिवसांनी.

पालक म्हणून तुमच्या वाट्याला काय येईल तेही सांगते. लहान शाळेत प्रत्येक पालक कामाला लागतो. सहलीला सोबत, कार्यक्रमाला कपडे, रंगकाम, सगळीकडे तीच दहा माणसं. काहींना हे आवडतं, नोकरीच्या वेळा आडव्या असतील तर ओझं होतं. तक्रार करणं अवघड, कारण नाव न सांगता तक्रार होतच नाही. दोन घरांचं बिनसलं तर ते वर्गात उतरतं. उलट, सकाळी दारातच मुख्याध्यापकांशी दोन मिनिटं बोलता येतं. मोठ्या शाळेत त्यासाठी चिठ्ठी पाठवावी लागते.

आणि शिक्षकाची रजा. दोनातला एक आजारी पडला, प्रशिक्षणाला गेला, कचेरीच्या कामाला गेला, की चारही इयत्ता एका माणसासमोर. मुख्याध्यापक स्वतः शिकवत असेल तर कागदपत्रांचा वेळ मुलांच्या वेळातूनच जातो. "गेल्या सत्रात दोन्ही खोल्या एकाच शिक्षकाने किती दिवस सांभाळल्या?" हा प्रश्न उद्धट वाटेल, तरी विचारा. प्रामाणिक मुख्याध्यापक त्याला उत्तर देतात, बहुतेकांना कुणीतरी विचारल्याचं बरंही वाटतं.

शेवटी पट. गेल्या पाच वर्षांत पहिलीला दरवर्षी किती मुलं आली हा आकडा मिळवा. दहा, नऊ, अकरा, आठ असं असेल तर ठीक, तो नेहमीचा चढउतार आहे. पंधरा, तेरा, दहा, आठ असं असेल तर तुमची मुलगी तिसरीत जाईपर्यंत एक शिक्षक कमी होण्याचा किंवा शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होण्याचा संभव गंभीरपणे घ्या. मग चारही इयत्ता एका खोलीत, आणि वर लिहिलेली दोन इयत्तांची सगळी गणितं बदलतात. शाळा बंद झाली तर मूल कोलमडत नाही, मुलं बरीच टणक असतात, पण अध्येमध्ये झालेला बदल चौथीनंतर ठरवून केलेल्या बदलापेक्षा जड जातो.

चौथीनंतरच्या बदलाची भीती मात्र मी फार बाळगणार नाही. लहान शाळेतून पस्तीस-चाळीसच्या वर्गात गेलेली मुलं पहिलं सत्र गप्प असतात, घंटेला गोंधळतात, वेगवेगळ्या शिक्षकांच्या नावांना अडखळतात. मोठ्या माणसांशी बोलायची त्यांना सवय असते, म्हणून अडलं तर विचारतात. सुट्टीनंतर बहुतेक रुळतात. शेवटच्या वर्षात त्यांना बाहेरच्या मुलांत मिसळण्याची एखादी जागा मिळाली, छंदवर्ग किंवा मैदान, तर आणखी सोपं.

तुमच्याबाबतीत मी काय करीन ते सांगते. दोन्ही शाळांत, कामाच्या दिवशी, सकाळच्या दुसऱ्या तासाला जाऊन बसेन. त्या वेळी उत्साह ओसरलेला असतो आणि वर्ग जसा आहे तसा दिसतो. लहान शाळेत पहिली-दुसरीच्या बाई जर वर सांगितलेल्या चांगल्या तासासारख्या शिकवत असतील, निदान दोन वर्षं त्या तिथेच राहणार असतील आणि पट टिकून असेल, तर बुजऱ्या पहिलीच्या मुलीसाठी मी तिथेच जाईन, जवळचं आहे हा आणखी फायदा. तिसरीच्या आधी पुन्हा विचार करीन, कारण तिथे दुसरे शिक्षक आणि मैत्रिणींचा प्रश्न दोन्ही येतात. बाई बदलणार असल्याचं कळलं, किंवा वह्या उतरवलेल्या मजकुराने भरलेल्या दिसल्या, तर जवळच्या शाळेचा मोह सोडून मोठ्या शाळेतल्या तीन तुकड्यांवर भरवसा ठेवीन. तिथे गेलात तर पहिल्या महिन्यातच वर्गशिक्षिकेला सांगा की ही कोरसमध्ये ओठ हलवणारी मुलगी आहे, तिला आठवड्यातून दोनदा तरी एकटीने वाचायला लावा, आणि घरी रोजची तीन मिनिटं तुम्ही ऐका.

इयत्तावार मुलींचा आकडा आणि पाच वर्षांचा पट मिळाला की कळवा. दुसरीत मुली किती आहेत हेही लिहा, त्यावरून मैत्रिणींबद्दल जास्त नेमकं सांगता येईल.